तोंडाने वाजवलेली गिटार : प्रस्तावना

बीबीसी टू या वाहिनीवर १२ नोव्हेंबर १९९६ रोजी ‘नेव्हर माइंड द बझकॉक्स’ सुरू झाला आणि २८ पर्वांनंतर, २०१५ साली बीबीसीने तो बंद केला. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. दोन संघ, प्रत्येक संघात तिघं, मध्ये सूत्रसंचालक आणि समोर स्टुडिओत बसलेला प्रेक्षकवर्ग. प्रश्न सगळे पॉप संगीतावरचे. प्रत्येक फेरीला गुण मिळत, शेवटी विजेता जाहीर होई, आणि कोण जिंकलं हे दुसऱ्या दिवशी कुणाच्याही लक्षात राहत नसे. लोकांच्या लक्षात राहत ते विनोद, टोमणे, आणि एखाद्या नामवंत गायकाचा पडलेला चेहरा.

म्हणूनच बहुतेक लोक या कार्यक्रमाला पॉप कलाकारांची टर उडवणारा कार्यक्रम एवढंच समजतात. ही समजूत मला अन्यायाची वाटते. कार्यक्रमाचा साचा ज्यांनी घडवला आणि ज्यांनी तो वर्षानुवर्षं चालवला, ती माणसं संगीतात आकंठ बुडालेली होती. हे प्रेम जागं असलं की थट्टा कितीही तिखट असो, ती पचून जाई. ते डुलक्या घेऊ लागलं की समोरचा माणूस दुखावला जाई. पुढच्या प्रकरणांमध्ये कार्यक्रमाचा इतिहास क्रमाने येईलच. इथे मला फक्त ही एक गोष्ट वाचकाच्या हाती द्यायची आहे, कारण ती हाती असली की बाकीचं सगळं नीट कळतं.

सुरुवात ‘इंट्रो’च्या फेरीपासून करू. संघातल्या दोघांना एका गाण्याचं नाव गुपचूप दाखवलं जातं. त्या गाण्याच्या सुरुवातीचा, शब्द सुरू व्हायच्या आधीचा तुकडा त्यांनी तोंडाने वाजवायचा. हातात वाद्य नाही आणि शब्द वापरायचे नाहीत. तिसऱ्याने ऐकून गाणं ओळखायचं. एक जण छाती पुढे काढून बेसचा ठेका धरतो, दुसरा दातांतून झांजेचा आवाज काढतो, मग मध्येच त्याला आठवतं की इथे गिटार येते, आणि तो झांज टाकून गिटार धरतो. गिटार धरली की ठेका सुटतो. ऐकणारा कपाळाला आठ्या घालून दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतो. प्रेक्षक खो खो हसत असतात, आणि वाजवणाऱ्या दोघांना प्रश्न पडलेला असतो, की इतकं स्पष्ट वाजवतोय, तरी याला कळत कसं नाही?

या प्रश्नाचं उत्तर एका प्रयोगात सापडतं. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना सर्वपरिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि समोरच्यांना गाणं ओळखायला सांगितलं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खा बँड वाजत असतो आणि ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. ‘इंट्रो’च्या फेरीत नेमकं हेच घडतं, फरक इतकाच की इथे सुरांची थोडी मदत असते. ज्याच्या डोक्यात गाण्याचा एकेक थर पक्का बसलेला आहे, तोच त्यातला एखादा थर वेगळा काढून असा काही वाजवतो की ऐकणाऱ्याला बाकीचं आपोआप ऐकू येऊ लागतं. ही फेरी विनोदाच्या नावाखाली घेतलेली संगीताची परीक्षा होती, आणि कार्यक्रमाच्या आयुष्यात ती कधीच जुनी झाली नाही.

अशा खेळाला परंपरा आहे. बीबीसी रेडिओवर १९७२ साली सुरू झालेल्या ‘आय अ‍ॅम सॉरी आय हॅव्हन्ट अ क्लू’ या कार्यक्रमात एका गाण्याचे शब्द दुसऱ्याच गाण्याच्या चालीवर गायची फेरी असे. सूत्रसंचालक होते हम्फ्री लिटल्टन, स्वतः जॅझमधले नाणावलेले ट्रम्पेटवादक. बीबीसीच्याच ‘फेस द म्युझिक’मध्ये जोसेफ कूपर आवाज न करणाऱ्या कीबोर्डवर शास्त्रीय रचना वाजवत आणि जाणकारांनी ती नुसत्या बोटांच्या हालचालींवरून ओळखायची असे. संगीतातला एखादा भाग काढून घ्यायचा आणि उरलेल्यावरून ते ओळखू येतं का हे पाहायचं, ही युक्ती ब्रिटिश प्रसारणात मुरलेली होती. बझकॉक्सने ती पॉपला लावली.

थट्टेची बाजू मात्र दुसरीकडून आली. १९९० साली ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ सुरू झाला. आठवड्याच्या बातम्यांवर प्रश्न, दोन संघनायक आणि राजकारण्यांची मनसोक्त खिल्ली. त्याचं यश पाहून खेळावरचा ‘दे थिंक इट्स ऑल ओव्हर’ १९९५मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी संगीतावरचा बझकॉक्स. शेवटचे दोन्ही कार्यक्रम टॉकबॅक या निर्मितीसंस्थेचे. मेल स्मिथ आणि ग्रिफ ऱ्हीस जोन्स या विनोदवीरांनी ती उभी केली होती.

१९९६ हे सालही अगदी नेमकं होतं. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्लर आणि ओएसिस या दोन बँडनी एकाच दिवशी सिंगल बाजारात आणून एकमेकांना आव्हान दिलं होतं, आणि त्याची बातमी संगीताची मासिकं सोडून थेट मुख्य बातमीपत्रांत गेली होती. ९६च्या फेब्रुवारीत टेक दॅट फुटला, जुलैत स्पाइस गर्ल्सचं पहिलं गाणं आलं, ऑगस्टमध्ये नेबवर्थच्या मैदानावर ओएसिसने दोन रात्रींत अडीच लाख लोकांसमोर गाऊन दाखवलं. पॉप संगीत म्हणजे राष्ट्रीय अभिमानाचा विषय होऊन बसला होता. अशा वेळी त्याच्या डोक्यातली हवा काढणारं कुणीतरी हवंच होतं.

हवा काढण्याचा हा वारसा कार्यक्रमाच्या नावातच आहे. नावाचा अर्धा भाग सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या १९७७च्या अल्बमवरून घेतलेला. त्या अल्बमचं शीर्षक दुकानाच्या काचेत लावलं म्हणून नॉटिंगहॅममध्ये खटला झाला होता आणि दुकानदार निर्दोष सुटला होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे बझकॉक्स हा बँड. पीट शेली आणि हॉवर्ड डेव्होटो हे बोल्टनमध्ये शिकणारे दोन तरुण. १९७६च्या जूनमध्ये त्यांनी सेक्स पिस्टल्सना मँचेस्टरला बोलावून कार्यक्रम लावला. जानेवारी १९७७मध्ये घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन त्यांनी ‘स्पायरल स्क्रॅच’ ही आपली पहिली तबकडी स्वतःच काढली. मोठ्या कंपनीची वाट पाहिली नाही. मंचावरचा माणूस आणि खाली उभा असलेला माणूस यांच्यात फरक नाही, आज खाली असलेला उद्या वर चढू शकतो, हा पंकचा आग्रह होता. बझकॉक्स कार्यक्रमाने तो टेलिव्हिजनवर आणला. फक्त दिशा उलटी ठेवली : वर असलेल्याला खाली, आपल्या शेजारच्या खुर्चीत आणून बसवलं.

पहिला सूत्रसंचालक मार्क लामार. केसांचा उंच कोंबडा, पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलवर जीव, जुन्या तबकड्यांचा दर्दी संग्राहक. २००५पर्यंत तो होता. समोरच्या पाहुण्याचं संगीत त्याला आवडत नसेल तर ते तो लपवत नसे, आणि एखादा जुना, विसरला गेलेला गायक आला की त्याच्या बोलण्यातला आदरही लपत नसे. संघनायक फिल जुपिटस ऐंशीच्या दशकात ‘पोर्की द पोएट’ या नावाने पंक कविता म्हणत बिली ब्रॅगसोबत दौऱ्यावर फिरलेला, रेकॉर्ड कंपनीत प्रसिद्धीचं काम केलेला, पुढे बीबीसी ६ म्युझिकवर सकाळचा कार्यक्रम सांभाळलेला. पहिल्या पर्वापासून शेवटच्यापर्यंत तो त्याच बाजूला बसून राहिला. समोरच्या बाजूला आधी शॉन ह्यूज. आयर्लंडमध्ये वाढलेला हा विनोदवीर १९९० साली एडिंबरामध्ये पेरिए पुरस्कार मिळवून पुढे आला होता. २०१७मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी तो गेला. त्याच्या वाट्याला यायला हवं होतं तितकं कौतुक त्याला मिळालं नाही, असं मला वाटतं. जुपिटसचा गडगडाट आणि लामारची धार या दोन्हींच्या मध्ये त्याचा हळवा, थोडा हरवल्यासारखा विनोद नसता तर सुरुवातीची पर्वं ऐकवली नसती.

२००२मध्ये ह्यूजच्या जागी बिल बेली आला. बेली हा पियानो, गिटार, थेरेमिन असं हाताला लागेल ते वाजवणारा विनोदवीर. पुढे त्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राला सोबत घेऊन वाद्यवृंदाची ओळख करून देणारा विनोदी प्रयोग केला. तो ‘इंट्रो’ करायला उभा राहिला की गाण्यातला एखादा सिंथसायझरचा कोपरा, कुणाच्या लक्षातही नसलेला, तो घशातून बरोबर काढत असे. हसू तर यायचंच, पण त्यासोबत गाणं नव्याने ऐकू यायचं.

फेऱ्यांमध्ये मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ओळखपरेडची. आधी एखाद्या जुन्या गाण्याच्या व्हिडिओचा तुकडा दाखवतात. त्यात कुणीतरी मागे कीबोर्ड वाजवतंय किंवा नाचतंय. मग पाच जण एका ओळीत येऊन उभे राहतात. त्यांतला एक तो खरा, वीस-तीस वर्षांनी मोठा झालेला. बाकीचे चौघे वय आणि चेहरेपट्टी जुळणारे. सूत्रसंचालक प्रत्येकावर एकेक शेरा मारतो, संघ तर्क लढवतो, आणि शेवटी खरा माणूस एक पाऊल पुढे येतो. टाळ्या पडतात. काही सेकंदांचा तो मान.

या फेरीला क्रूर म्हणणारे पुष्कळ आहेत. टक्कल पडलं, पोट सुटलं यावरचे शेरे ऐकले की त्यांचं म्हणणं पटतं. पण पॉपचा धंदा कसा चालतो ते माहीत असलं तर ही फेरी वेगळी दिसते. गाण्याच्या रचनेचं मानधन, म्हणजे रॉयल्टीचा तो वाटा, ज्याच्या नावावर गाणं असेल त्याला मिळतो. मागे ड्रम वाजवणारा किंवा नाचणारा त्यात बहुधा नसतो. गाणं रेडिओवर वर्षानुवर्षं वाजत राहतं आणि त्यात वाजवणारा माणूस दुसरी नोकरी शोधतो. पॉपबद्दल टेलिव्हिजनवर जे काही दाखवलं जायचं, त्यात या माणसाला जागा नव्हती. यश मिळालेला दिसे, आणि मादक पदार्थांनी किंवा कर्जाने उद्ध्वस्त झालेलाही दिसे. एका गाण्यापुरता चमकून मग सरळ आपल्या संसाराला लागलेला साधा माणूस बझकॉक्सनेच घराघरांत नेला. आणि तो बहुतेक वेळा हसतमुख असे, हे विशेष. शेरे मारणाऱ्यांपेक्षा त्याच्या चेहऱ्यावर जास्त स्वस्थता दिसे.

‘पुढची ओळ’ ही शेवटची फेरी म्हणजे आपल्या गाण्याच्या भेंड्यांची सख्खी बहीण. सूत्रसंचालक गाण्यातली ओळ निर्विकारपणे वाचतो, समोरच्याने पुढची सांगायची. चाल काढून घेतली की पॉपचे शब्द किती उघडे पडतात हे या फेरीत कळे. काही ओळी मात्र तशाही उभ्या राहत, आणि मग क्षणभर कुणी विनोद करत नसे.

२००६मध्ये सायमन अ‍ॅमस्टेल आला आणि कार्यक्रमाचा स्वभाव बदलला. तो चॅनल फोरच्या ‘पॉपवर्ल्ड’मधून आलेला. तिथे मिकीता ऑलिव्हरसोबत पॉप स्टारना असे काही भलतेच प्रश्न विचारी, की प्रसिद्धीसाठी पाठ करून आणलेली उत्तरं निरुपयोगी ठरत. या रीतीचं मूळ ‘स्मॅश हिट्स’ या मासिकात होतं. १९७८पासून चाललेल्या त्या मासिकाने स्टारना त्यांच्या मोज्यांचा रंग विचारायचा पायंडा पाडला होता. पुढे पेट शॉप बॉईजमुळे नाव झालेला नील टेनंट आधी तिथेच काम करत होता. लामार संगीतावर नाराज व्हायचा. अ‍ॅमस्टेलचं लक्ष प्रसिद्धीवर होतं. समोर बसलेला माणूस स्वतःबद्दल जे सोंग घेऊन आलाय, ते त्याला सोलून काढायचं असे.

त्यातूनच जानेवारी २००७चा तो भाग घडला. ऑर्डिनरी बॉईज या बँडचा गायक प्रेस्टन पाहुणा होता. आदल्या वर्षी ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये त्याची शँटेल हौटनशी ओळख झाली आणि पुढे लग्न. शँटेलचं आत्मचरित्र नुकतंच आलं होतं. अ‍ॅमस्टेलने ते टेबलावर घेतलं आणि त्यातले उतारे वाचून दाखवायला लागला. लोक हसले. त्याने आणखी वाचलं. प्रेस्टन उठला आणि चालता झाला. त्याच्या संघाचा नायक बिल बेली प्रेक्षकांत गेला, एका माणसाला घेऊन आला, रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि खेळ पुढे सुरू झाला. हा भाग कार्यक्रमाच्या गौरवशाली क्षणांमध्ये मोजला जातो. मला तसं मोजवत नाही. अ‍ॅमस्टेलचं वाचन चतुर होतं आणि बेलीची समयसूचकता विलक्षण होती, हे मान्य. पण थट्टा प्रेस्टनच्या गाण्याची नव्हती, त्याच्या सोंगाचीही नव्हती. तिथे हजर नसलेल्या त्याच्या बायकोची होती. संगीताशी तिचा काहीही संबंध नव्हता. तिथे कार्यक्रमाने आपली जागा सोडली.

याच्या उलट दोनच महिने आधीचा, नोव्हेंबर २००६चा भाग पाहावा. एमी वाइनहाउस पाहुणी होती. ‘बॅक टू ब्लॅक’ नुकताच आला होता, उपचार नाकारणाऱ्या तिच्या गाण्याचा सगळीकडे बोलबाला होता, आणि तिची प्रकृती, तिचं पिणं यांची वर्तमानपत्रांत रोज चर्चा. अ‍ॅमस्टेल तिच्या पिण्याबद्दल बोलतो, तीही तितक्याच वेगाने परतवते. मध्येच तो म्हणतो की हा आता क्विझ राहिलाच नाही, तुला वाचवायची खटपट झाली आहे. लोक हसतात, तीही हसते. पण तो खरंच विनवतोय, हे त्याच्या आवाजात कळतं. तिच्या पहिल्या अल्बमवर, तिच्या जॅझ गाण्यावर त्याचं प्रेम आहे, आणि ते तो तिच्या तोंडावर सांगतो. २३ जुलै २०११ रोजी कॅम्डनमधल्या घरी ती गेली, २७ वर्षांची. त्यानंतर हा भाग पाहताना हसू घशात अडकतं. तरीही त्या अर्ध्या तासात ती हजरजबाबी आणि मोकळी दिसते, आणि तिच्यावरच्या कितीतरी गंभीर माहितीपटांत ती तशी सापडत नाही. थट्टा आणि माया एकाच वाक्यात राहू शकतात याचा इतका स्पष्ट पुरावा मला टेलिव्हिजनवर दुसरा माहीत नाही.

अ‍ॅमस्टेल गेल्यावर २००९पासून दर भागाला नवा पाहुणा सूत्रसंचालक असे. बेलीच्या जागी ‘द माइटी बूश’ या विनोदी मालिकेतला नोएल फील्डिंग आला. २०१४च्या शेवटच्या पर्वाला ऱ्हॉड गिल्बर्ट. काही भाग उत्तम झाले. पण कार्यक्रम हळूहळू थकला, आणि त्याचं कारण सूत्रसंचालकांमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

हा क्विझ उभा होता तो सगळ्यांच्या सामायिक आठवणींवर. १९६४पासून दर आठवड्याला ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर तीच गाणी आई-वडील आणि मुलं एकत्र पाहत. न आवडणारी गाणीही त्यामुळे पाठ होत. ‘स्मॅश हिट्स’ २००६च्या फेब्रुवारीत बंद पडलं, ‘टॉप ऑफ द पॉप्स’ त्याच वर्षी जुलैत. त्यानंतर जो तो आपापल्या कानात आपापलं गाणं ऐकू लागला. ओळखपरेडला उभा राहणारा माणूस ओळखायचा तर आधी तो सगळ्यांनी कधीतरी पाहिलेला असायला हवा. ‘इंट्रो’ ऐकून प्रेक्षकांनी मनातल्या मनात उत्तर द्यायचं तर ते गाणं सगळ्यांच्या डोक्यात असायला हवं. बीबीसीने कार्यक्रम बंद केला तेव्हा ही जमीनच पायाखालून सरकत चालली होती.

ऑस्ट्रेलियात एबीसीवर २००५मध्ये सुरू झालेला ‘स्पिक्स अँड स्पेक्स’ हा याच कुळातला. अ‍ॅडम हिल्स, अ‍ॅलन ब्रो आणि मिफ वॉरहर्स्ट यांनी तो सात वर्षं चालवला. नाव बी जीजच्या गाण्याचं. त्यातल्या एका फेरीत संगीताशी काडीचा संबंध नसलेल्या एखाद्या पुस्तकातली वाक्यं ओळखीच्या चालीवर गायची आणि संघाने चाल ओळखायची. तिथे कुणी उठून गेल्याचं ऐकिवात नाही, इतकं ते घरगुती वातावरण. बझकॉक्सच्या धारेची मला ओढ असली तरी या कार्यक्रमाचा एक धडा मोठा आहे : संगीतावरचा क्विझ कुणाला न दुखावताही पोट धरून हसवू शकतो.

२०२१मध्ये बझकॉक्स स्काय मॅक्स या वाहिनीवर परत आला. ग्रेग डेव्हिस सूत्रसंचालक, फील्डिंग आणि डेझी मे कूपर संघनायक. तोंडाने वाजवायची फेरीही परतली. पाहुण्यांमधले तरुण गायक जुनी गाणी ओळखताना अडखळतात, आणि आता हसू त्या अडखळण्याचं असतं.

ज्या वाचकाने हा कार्यक्रम कधीच पाहिलेला नाही, त्याला एक विनंती. पहिल्यांदा प्रेस्टनचा भाग पाहू नका. तो सगळीकडे सहज सापडतो आणि कार्यक्रमाविषयी चुकीचं मत करून देतो. बेली आणि जुपिटस आमनेसामने असतानाच्या, २००२ ते २००८ या काळातल्या ‘इंट्रो’च्या फेऱ्या आधी पाहा. गाणी ओळखीची नसली तरी चालेल. दोघे जण वाजवत असताना वाजवणाऱ्यांकडे पाहू नका, तिसऱ्याचा चेहरा पाहा : आठ्या, मग शंका, मग एकदम उजळलेले डोळे. मग ओळखपरेड, आणि त्यानंतर एमीचा भाग. तिथपर्यंत आलात की पुढची प्रकरणं कुठूनही उघडायला हरकत नाही.